इंग्रजीतील संकटे : काही वाक्प्रचार, त्यांचे अर्थ आणि उगम

कोणत्याही भाषेत सुखाच्या शब्दांपेक्षा संकटाचे शब्द अधिक असतात. सुखी माणूस फारसे बोलत नाही. अडचणीत सापडलेला मात्र चार जणांना सांगत सुटतो, आणि सांगताना साधा शब्द त्याला अपुरा वाटतो. ‘मी अडचणीत आहे’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. म्हणून तो ‘नाकी नऊ आले’ म्हणतो, ‘पाणी गळ्याशी आले’ म्हणतो, ‘धाबे दणाणले’ म्हणतो. इंग्रज माणूसही याला अपवाद नाही. तो गरम पाण्यात पडतो, लोणच्यात सापडतो, सूपमध्ये बुडतो, झाडावर अडकून बसतो आणि धंदा बसला की तांबड्या रंगात जातो!

हे वाचून हसू येईल. पण आपल्यातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना हा विषय हसण्याचा नाही. पेडणे-डिचोलीकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जातात. काही तर शालान्त परीक्षेपर्यंत मराठीतच असतात. पुढे वाणिज्य शाखेत आल्यावर ‘द कंपनी इज इन द रेड’ असे वाक्य समोर येते. त्यातला एकही शब्द अवघड नसतो, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही. शब्द कठीण असता तर शब्दकोश उघडला असता. ‘रेड’ या शब्दाचा अर्थ कुणाला विचारायचा? मग मूल गप्प बसते, आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही अशी त्याची हळूहळू समजूत होऊन बसते. खरे पाहता त्याला शब्द येत असतात. शब्दांमागचे चित्र तेवढे ठाऊक नसते. संकटासंबंधीच्या काही इंग्रजी वाक्प्रचारांमागची अशी चित्रे शोधण्याचा आणि आपल्या भाषांतल्या चित्रांशी ती ताडून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्द एक, अर्थ दुसरा

मराठी व्याकरणात आपण अभिधा आणि लक्षणा शिकलो आहोत. ‘सारा गाव देवळात जमला’ या वाक्यात घरे आणि रस्ते उठून देवळात जात नाहीत. गावातली माणसे जातात. शब्दाचा सरळ अर्थ जुळेनासा झाला की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ आपण घेतो. ही लक्षणा. वाक्प्रचार म्हणजे वर्षानुवर्षे वापरून रूढ झालेली लक्षणाच होय. रूढ झाल्यामुळे बोलणाऱ्याला मूळचे चित्र आठवतही नाही. ‘पाचावर धारण बसली’ असे आपण सहज म्हणतो. पण धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, आणि रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागले म्हणजे पोटाची धास्ती, असा त्याचा खुलासा करतात हे किती जणांना ठाऊक असते? म्हणजे बाजारातला भाव भीतीचा शब्द होऊन बसला. इंग्रजीतही असेच घडले आहे. म्हणून प्रथम ते वाक्प्रचार कोणत्या घरातून, कोणत्या धंद्यातून आले ते पाहू.

स्वयंपाकघरातून आलेली संकटे

‘टु बी इन हॉट वॉटर’ म्हणजे अडचणीत येणे. विशेषतः आपल्याच एखाद्या कृतीमुळे वरिष्ठांच्या रोषाला पात्र होणे. हा वाक्प्रचार सोळाव्या शतकापासून आढळतो. किल्ल्यावर चढणाऱ्या शत्रूवर उकळते पाणी ओतत, त्यावरून तो आला असे सांगतात. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. कढत पाण्यात हात गेला की माणूस जसा दचकतो, तेवढ्यावरूनही अर्थ लागतो. किल्ल्यापर्यंत जाण्याची गरज नाही.

‘टु बी इन अ पिकल’ म्हणजे पेचात सापडणे. ‘पिकल’ म्हणजे लोणचे असे आपण शिकतो आणि आपल्या डोळ्यांपुढे मोहरी, हिंग, तिखट आणि तेल उभे राहते. मूळ शब्द मात्र डच भाषेतला ‘पेकेल’. त्याचा अर्थ मिठाचे पाणी. आपल्याकडे कैऱ्या मिठात दडपून चेपणीची तोरां करतात, तशीच ही वस्तू. मिठाच्या पाण्यात बुडालेल्या त्या तोरासारखी माणसाची गत झाली की तो ‘इन अ पिकल’. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या १६११ च्या सुमाराच्या नाटकात हा प्रयोग येतो, आणि तिथे तो दारू पिऊन भिजलेल्या माणसासंबंधी आहे. मराठीतही लोणच्याचा वाक्प्रचार आहे, पण त्याचा अर्थ अगदी वेगळा. ‘त्या कागदाचे काय लोणचे घालायचे आहे?’ असे आपण म्हणतो तेव्हा वस्तू निरुपयोगी आहे असे सुचवतो. संकटाचा तिथे संबंध नाही. वस्तू तीच असली म्हणून वाक्प्रचार तोच होत नाही, हा पहिला धडा येथे मिळतो.

‘इन द सूप’ हा त्यामानाने अलीकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बोलीतून तो रूढ झाला.

याच घरातला सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार म्हणजे ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर’. तव्यातून निसटावे आणि विस्तवात पडावे. जॉन हेवूड याने १५४६ साली प्रसिद्ध केलेल्या म्हणींच्या पुस्तकात तो आढळतो. आपण मराठीत म्हणतो, ‘आगीतून फुफाट्यात’. फुफाटा म्हणजे वरून राख दिसणारा पण आत धगधगणारा थर. येथे बारकाईने पाहावे. इंग्रज माणूस लहान तापातून मोठ्या तापात पडतो. मराठी माणूस आगीतून सुटलो असे समजून राखेवर पाय ठेवतो आणि फसतो. इंग्रजीत संकट वाढते, मराठीत संकट लपून बसते. आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत मात्र ‘बाणलेयिंद बेंकिगे’ असे आहे. बाणले म्हणजे कढई, बेंकि म्हणजे विस्तव, कढईतून विस्तवात. म्हणजे या एका ठिकाणी शेजारच्या मराठीपेक्षा सातासमुद्रापलीकडची इंग्रजी कन्नडला जवळची ठरते!

दोन्हीकडून कोंडी

पुढे गेले तरी नाश आणि मागे फिरले तरी नाश, अशी वेळ प्रत्येक समाजावर येत असते. तिचे वर्णन प्रत्येकाने आपल्या परिसरातून केले आहे. इंग्रज म्हणतो, ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी’. सैतान आणि खोल समुद्र यांच्या मधोमध. रॉबर्ट मन्रो नावाच्या स्कॉटिश सेनाधिकाऱ्याच्या १६३७ सालच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. जहाजाच्या फळ्यांमधल्या एका सांध्याला खलाशी ‘डेव्हिल’ म्हणत आणि त्या सांध्याशी लोंबकळत काम करणाऱ्या खलाशावरून हा वाक्प्रचार निघाला, असेही सांगतात. परंतु ‘डेव्हिल’ शब्दाचा तो अर्थ लेखी सापडतो तो वाक्प्रचारानंतर बऱ्याच काळाने. तेव्हा सैतान म्हणजे सैतानच समजावा हे बरे.

आपण म्हणतो, ‘इकडे आड, तिकडे विहीर’. पेडण्या-डिचोलीच्या मुलांना हा वाक्प्रचार पुस्तकातूनच शिकावा लागतो, कारण आपल्याकडे घरोघरी विहिरीला ‘बांय’ म्हणतात आणि ‘आड’ हा शब्द कानांवर पडत नाही. आड म्हणजे अरुंद, खोल, पायऱ्या नसलेली विहीर. मग ‘एकीकडे विहीर आणि दुसरीकडेही विहीरच’ असा अर्थ उलगडतो आणि गंमत कळते. जागा दोन, मरण एकच.

कन्नडमध्ये हेच ‘अत्त दरी, इत्त पुली’ असे सांगतात. तिकडे दरी, इकडे वाघ. आजच्या कन्नडमध्ये वाघाला ‘हुली’ म्हणतात. जुन्या कन्नडमधल्या कित्येक शब्दांतील आरंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. बोलण्यातून गेलेला जुना ‘पुली’ या म्हणीत मात्र टिकून राहिला. लॅटिनमध्ये याच्याशी विलक्षण जुळणारी म्हण आहे : समोर कडा, पाठीमागे लांडगे. पोर्तुगीजमध्ये ‘तलवार आणि भिंत यांच्या मध्ये’ असे म्हणतात. शत्रूची तलवार छातीशी आणि पाठ भिंतीला टेकलेली. १९६१ सालच्या मुक्तीपर्यंत ती आपल्या गोव्याची राजभाषा होती. तेव्हा या पाच भाषांतल्या पाच जोड्या एकदा मनाशी म्हणून पाहाव्यात : सैतान आणि समुद्र, आड आणि विहीर, दरी आणि वाघ, कडा आणि लांडगे, तलवार आणि भिंत. एकही शब्द जुळत नाही, अर्थ मात्र तंतोतंत जुळतो. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर का फसते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

समुद्र आणि नदी

इंग्रज दर्यावर्दी, त्यामुळे त्यांची निम्मी संकटे पाण्यावर घडतात. ‘ऑन द रॉक्स’ म्हणजे खडकावर आपटलेल्या जहाजासारखी अवस्था. धंदा किंवा संसार मोडकळीस आला की हा प्रयोग करतात. गोव्यात राहणाऱ्याने मात्र जरा सावध असावे. उपाहारगृहाच्या यादीत व्हिस्कीपुढे हेच शब्द आले तर त्यांचा अर्थ केवळ बर्फाचे खडे असा होतो; तिथे कुणाचे जहाज फुटलेले नसते!

‘इन डीप वॉटर’ म्हणजे खोल पाण्यात, जिथे पाय टेकत नाहीत. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरातील स्तोत्रांत खोल पाण्यात सापडलेल्या भक्ताचा धावा आहे. हे चित्र आपल्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात तिलारीचे पाणी चढले तेव्हा डिचोली तालुक्यातले साळ आणि पेडणे तालुक्यातले इब्रामपूर या भागांतल्या लोकांनी तो अर्थ प्रत्यक्ष पाहिला. ‘नाकातोंडात पाणी जाणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच जातीचा. इंग्रजीत ‘टु कीप वन्स हेड अबव्ह वॉटर’ म्हणजे डोके कसेबसे पाण्यावर ठेवणे, कर्जात बुडता बुडता तग धरणे. आणि बुडणारा माणूस गवताची काडी पकडतो, हे तर मराठीने आणि इंग्रजीने अगदी एकाच शब्दांत सांगितले आहे. ‘क्लचिंग अ‍ॅट स्ट्रॉज’ आणि ‘बुडत्याला काडीचा आधार’ यांत काडीचाही फरक नाही. मराठी भाषा याच्या पुढे एक पाऊल जाते आणि ‘बुडत्याचा पाय खोलात’ असेही सांगते.

‘हाय अँड ड्राय’ हा वाक्प्रचार शिकताना अनेकांचा गोंधळ होतो, कारण उंच आणि कोरडे असणे यात वाईट काय असे वाटते. ओहोटीच्या वेळी जहाज वाळूवर राहून जाते. पाणी नाही म्हणून ते हलू शकत नाही. त्यावरून ‘लेफ्ट हाय अँड ड्राय’ म्हणजे मदतीवाचून, साधनावाचून अडकून पडणे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या पेडण्याच्या माणसाने वाळूत बसलेली होडी शेकडो वेळा पाहिलेली असते. डिचोलीकरांना त्याचा आणखी एक अर्थ कळला आहे. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या पुन्हा थांबल्या, तेव्हा खनिज वाहणारे ट्रक दारांत आणि बार्ज नदीकाठी उभ्या राहिल्या. ट्रकांवर कर्जे होती, हप्ते चालूच होते, काम मात्र नव्हते. ‘हाय अँड ड्राय’ याहून वेगळे ते काय?

शिकार आणि खेळ

‘अ‍ॅट बे’ हा वाक्प्रचार शिकारीतला. कुत्र्यांनी घेरलेले हरीण पळण्याची वाट उरली नाही की वळून उभे राहते आणि कुत्रे भोवती भुंकत राहतात. फ्रेंचमधल्या भुंकण्याच्या शब्दावरून हा ‘बे’ आला आहे. खाडी किंवा उपसागर या अर्थाच्या ‘बे’शी त्याचे नाते नाही. ‘अप अ ट्री’ म्हणजे कुत्र्यांच्या भीतीने झाडावर चढून अडकलेल्या प्राण्यासारखी अवस्था, हा अमेरिकेतला. ‘अ‍ॅट द एंड ऑफ वन्स टेदर’ यातील टेदर म्हणजे चरायला बांधलेल्या गुराचे दावे. दावे पुरते तेवढे गवत खाऊन संपले, पुढचे गवत दिसते पण तोंड पोचत नाही. सहनशक्ती किंवा उपाय संपला की इंग्रज असे म्हणतो. कुळागरात गाय बांधलेली ज्याने पाहिली आहे त्याला हा वाक्प्रचार पाठ करावा लागणार नाही.

खेळांनीही संकटे पुरवली आहेत. ‘लेफ्ट इन द लर्च’ म्हणजे ऐन अडचणीत साथ सोडून जाणे. ‘लूर्श’ नावाचा एक जुना फ्रेंच पटावरचा खेळ होता; त्यात फार मागे पडून हरणाऱ्या खेळाडूची जी स्थिती, ती ही. ‘ऑन अ स्टिकी विकेट’ हा क्रिकेटमधला. पूर्वी खेळपट्टी पावसात उघडीच असे. पाऊस थांबून ऊन पडले की ती वाळताना चिकट होई, चेंडू कसाही उसळे आणि फलंदाजाची त्रेधा उडे. आता खेळपट्ट्या झाकतात, त्यामुळे ती चिकट खेळपट्टी दिसेनाशी झाली. वाक्प्रचार मात्र खेळतोच आहे. आपण कुस्तीतून ‘चारी मुंड्या चीत’ घेतले आणि बुद्धिबळातून ‘शह’ घेतला. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीची स्थिती आपल्या बागायतदारांना सांगायला नको.

इतिहासातील पराभव

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला. तेव्हापासून ‘टु मीट वन्स वॉटर्लू’ म्हणजे आजवर जिंकत आलेल्या माणसाचा पुरता पाडाव होणे. आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपासून ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आला. दोन्हींत गावाचे नाव पराभवाचे नाव झाले. फरक एवढाच की वॉटर्लू हा इंग्रजांचा विजय होता आणि पानिपत हा आपला पराभव. इंग्रज दुसऱ्याच्या संकटाचे नाव घेतो, मराठी माणूस आपल्याच जखमेचे.

पानिपताच्या तारखेवरून ‘संक्रांत येणे’ हा वाक्प्रचार निघाला, असे काही जण सांगतात. लढाई १४ जानेवारीला झाली आणि संक्रांतही त्याच दिवशी, हा त्यांचा आधार. परंतु संक्रांत इंग्रजी पंचांगाच्या मानाने दरवर्षी सुमारे वीस मिनिटे, म्हणजे सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. या हिशेबाने १७६१ साली ती १४ तारखेच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून येते, कोणत्या दिशेला पाहते आणि त्याचे फळ काय, हे पंचांगात सांगितलेले असते. ज्याच्याकडे तिची दृष्टी वळली त्याचे वाईट, ही समजूतच वाक्प्रचाराचा अर्थ लावायला पुरेशी आहे. उकळत्या पाण्याचा किल्ला आणि ही तारीख, दोन्हींवरून एक गोष्ट शिकावी. वाक्प्रचाराच्या उगमाची कथा जितकी घाटदार, तितका तिचा पुरावा अधिक मागावा.

काही संकटे आपण इंग्रजीमार्फत परदेशांतून आणली आणि आपलीशी केली. ‘डोक्यावर टांगती तलवार’ ही सिराक्यूजच्या राजाच्या दरबारातली. राजाचे सुख वाखाणणाऱ्या डॅमोक्लिस या माणसाला राजाने आपल्या आसनावर बसवले आणि डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगली. रोमन लेखक सिसेरो याने ही कथा सांगितली आहे. आज मराठी वृत्तपत्रात ती तलवार रोज कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर लटकत असते, आणि ती परकी आहे असे कुणाला वाटतही नाही.

खातेवहीतील संकटे

आता आपल्या वाणिज्य शाखेकडे वळू. ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात, आणि ‘इन द ब्लॅक’ म्हणजे फायद्यात. हिशेबनीस तुटीचे आकडे तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हे प्रयोग रूढ झाले. मराठी विद्यार्थ्याला हा वाक्प्रचार चकवतो त्याला कारण आहे. आपल्याकडे वही लाल कापडात बांधतात, दिवाळीला तिची पूजा करून कुंकू वाहतात. लाल रंग आपल्याला लाभाचा, शुभाचा. काळा तो अशुभाचा. इंग्रजी खात्यात नेमके उलटे. ‘इन द ब्लॅक’ ऐकून आपल्या मनात काळा बाजार येतो, पण अर्थ मात्र सचोटीचा नफा असा असतो.

‘बँक्रप्ट’ हा शब्द इटालियन ‘बांका रोत्ता’ म्हणजे मोडका बाक यापासून आला. मध्ययुगात सराफ बाजारात बाकावर बसून पैशांचा व्यवहार करीत; ‘बँक’ हा शब्दही त्याच बाकाचा. आपल्या ‘दिवाळे’ शब्दाचा संबंध दिव्याशी जोडतात. देणी भागेनाशी झाली की व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसे आणि लोकांनी काय ते समजावे, अशी परंपरागत कथा आहे. कन्नडमध्ये हाच शब्द ‘दिवाळी’ या रूपात नादारीसाठी वापरतात; सणाला ते ‘दीपावळी’ म्हणतात. तेव्हा एखाद्या कन्नड व्यापाऱ्याची ‘दिवाळी’ झाली असे ऐकून मराठी माणसाने फराळाची अपेक्षा ठेवू नये! २०१६ साली आपल्या देशात झालेल्या नव्या संहितेच्या नावातही ‘नादारी’ आणि ‘दिवाळखोरी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. देणे भागवता न येणे ही नादारी; कायद्याने तसे ठरवले जाणे ही दिवाळखोरी. इंग्रजीत पूर्वी ‘ऑन केरी स्ट्रीट’ असेही म्हणत, कारण लंडनमधले दिवाळखोरीचे न्यायालय त्या रस्त्यावर होते. आपल्या पेडण्यातल्या केरीच्या ग्रामस्थांनी हे मनावर घेऊ नये.

‘इन हॉक’ म्हणजे गहाण पडलेले. डच भाषेत ‘होक’ म्हणजे कोंडवाडा किंवा तुरुंग. गोव्याला हा शब्द उदाहरणासह समजतो. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपताना बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेकडे गोमंतकीयांनी गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला गेले, ते १९९१ साली परत आले. तीस वर्षे ते सोने खरोखर कोंडवाड्यात होते.

एक सुखद साम्यही सांगितले पाहिजे. ‘टु मेक बोथ एंड्स मीट’ म्हणजे दोन्ही टोके जुळवणे. मिळकत आणि खर्च यांचा कसाबसा मेळ घालणे. मराठीत यालाच ‘तोंडमिळवणी करणे’ म्हणतात. तिथे टोके जुळतात, इथे तोंडे. हिशेब दोघांचा एकच.

वजन पाहून वापर

अर्थ कळला म्हणजे वाक्प्रचार आला असे नाही; त्याचे वजनही कळावे लागते. वर दिलेले बरेचसे इंग्रजी वाक्प्रचार हलके आहेत. ‘इन अ पिकल’ किंवा ‘इन द सूप’ मित्राला सांगायचे, थोडे हसत सांगायचे. पुरात घर गेलेल्या माणसाच्या वतीने नुकसानभरपाईचा अर्ज लिहिताना ‘द फॅमिली इज इन द सूप’ असे लिहिले, तर व्याकरण अचूक असूनही अर्ज थट्टेचा होईल आणि नुकसान त्या कुटुंबाचे होईल. तिथे ‘इन ग्रेट डिस्ट्रेस’ असे साधे शब्दच हवेत. मराठीतही परीक्षा बुडाली तर ‘वाट लागली’ म्हणतो, पण कुणाच्या घरचा कर्ता माणूस गेला तर ‘आभाळ कोसळले’ म्हणतो. ही अदलाबदल आपण मराठीत कधी करीत नाही, कारण मराठीचे वजन आपल्या हाताला ठाऊक असते. इंग्रजीचे वजन हाताला कळेपर्यंत वाक्प्रचार वाचावेत भरपूर, लिहावेत जपून.

सरावासाठी एक साधी पद्धत सुचवावीशी वाटते. नवा वाक्प्रचार भेटला की वहीत चार गोष्टी लिहाव्यात : त्यातले चित्र, त्याचा अर्थ, तो हलका की भारी, आणि आपल्या भाषेतला जोडीदार. उदाहरणार्थ : ‘अ‍ॅट द एंड ऑफ वन्स टेदर’, दाव्याला बांधलेले गुरू, उपाय संपणे, मध्यम, ‘हात टेकणे’. आठवड्याला पाच केले तरी वर्षात अडीचशे होतात.

सर्वांच्या तळाशी

आतापर्यंत चित्रे निरनिराळी पाहिली. शेवटी खुद्द संकटाचे शब्द पाहू. संस्कृतात ‘संकट’ या शब्दाचा मूळ अर्थ अरुंद, दाटीचा, चिंचोळी वाट असा आहे. ‘अडचण’ या मराठी शब्दाचेही तसेच. ‘या खोलीत फार अडचण होते’ असे आपण म्हणतो तेव्हा जागा अपुरी आहे एवढेच सांगायचे असते. इंग्रजीत ‘इन डायर स्ट्रेट्स’ म्हणतात. स्ट्रेट म्हणजे चिंचोळा मार्ग. ‘अ टाइट कॉर्नर’ म्हणजे अगदी आवळलेला कोपरा. कन्नडमध्ये ‘इक्कट्टु’ म्हणजे दाटीची, अरुंद जागा, आणि पेचप्रसंगही. पोर्तुगीजमध्ये ‘अपेर्तु’ म्हणजे आवळणे, आणि अडचणही. पाणी, विस्तव, वाघ, खडक ही त्या त्या देशाची वरची सजावट झाली. तळाशी सर्वांनी एकच अनुभव सांगितला आहे : अंग हलवायला जागा उरली नाही.

म्हणून ज्या मुलाने ‘अडचण’ हा शब्द घरात शिकला आहे, त्याला ‘टाइट कॉर्नर’ परका वाटण्याचे कारण नाही. तो अनुभव त्याच्या भाषेत आधीच आहे. फक्त दुसऱ्या घरातले भांडे कोणते ते पाहायचे आहे. वर्गात ‘इन द रेड’ कळले नाही तर हात वर करून विचारावे. मराठीत ‘हात वर करणे’ म्हणजे आपल्याजवळ काही नाही असे सांगून मोकळे होणे. वर्गात मात्र हात वर करणाऱ्यालाच काहीतरी मिळते.